कोऱ्या यंत्रावर

नोव्हेंबरातल्या पहिल्या शनिवारी, दुपारी, नॉर्वेतल्या ट्रॉन्डहाइम शहराच्या बाकलान्डेत नावाच्या भागात, लिनक्स ही मोफत संगणकप्रणाली वापरणाऱ्यांच्या मंडळाच्या तळघरातल्या खोलीत आयलिफ ब्रॉतेनने आपला लॅपटॉप टेबलावर असा ठेवला की शेजारच्या कपातली कॉफी हिंदकळली.

"माझ्याकडे चालतं," तो म्हणाला.

"मग सुन्निवाला काय तुझं घर पाठवून द्यायचं?"

स्टाइनारने हे मान वर न करता विचारले. मंडळात पॅकेजे, म्हणजे आपोआप बसतील असे बांधून दिलेले प्रोग्रॅम, तपासण्याचे काम त्याच्याकडे होते आणि नियमाच्या बाबतीत तो सख्ख्या भावालाही सोडत नसे.

सुन्निवा लेरेंग दोघांच्या मध्ये बसली होती. ती खेड्यापाड्यांतल्या चर्चमधले नळ्यांचे ऑर्गन सुरात लावत असे. नळीचा स्वर किती चढला वा उतरला आहे हे पडद्यावरच्या काट्याने दाखवणारा एक जुना प्रोग्रॅम तिच्याकडे होता. मूळ कर्त्यांनी तो केव्हाच टाकून दिला होता. आयलिफ तो यंत्राला कळेल असा कंपाइल करून तिच्या लॅपटॉपवर हाताने बसवून देई, लिनक्सची नवी आवृत्ती आली की तो मोडे, आणि सुन्निवा पुन्हा फियोर्डपलीकडून गाडी घेऊन येई. अलीकडे उंच स्वर तिच्या कानाला नीट लागत नव्हते. काट्यावाचून तिचा धंदा बसला असता, आणि ही गोष्ट तिने आयलिफखेरीज कोणालाही सांगितली नव्हती. आयलिफला पडद्यावरची अक्षरे मधोमध पुसल्यासारखी दिसू लागली होती. ते मात्र त्याने न सांगताच तिने ओळखले होते. म्हणून प्रोग्रॅमचे रीतसर पॅकेज करण्याचा हा घाट. एकदा ते स्वीकारले गेले की पुढच्या प्रत्येक आवृत्तीसाठी मंडळाचे यंत्र ते आपोआप नव्याने बांधणार होते.

स्टाइनारने ते कोऱ्या यंत्रावर बांधायला घेतले. पॅकेज जे मागेल तेवढेच त्या यंत्रात असते, दुसरे काही नाही. थोड्याच वेळात पडदा लाल ओळींनी भरला.

"वाच गं," आयलिफ म्हणाला.

सुन्निवाने चष्मा सावरला. "आवाज गाळणारा भाग सापडत नाही, असं म्हणतंय."

"तो तर सगळीकडे असतो."

"आमच्या पॅकेजांच्या भांडारात नाहीच तो," स्टाइनार म्हणाला. "आत्ताच शोधला."

आयलिफचा हात कपाकडे जाता जाता थांबला. तो भागही त्यानेच केव्हातरी कंपाइल करून आपल्या यंत्रात ठेवला होता, सुन्निवाच्याही; नंतर दोन्ही एका दमात बसवण्याची सवय जडली आणि दुसऱ्याचे अस्तित्वच तो विसरला.

"मूर्ख," तो पुटपुटला.

"कोण, मी?"

"तू कशाला? तू फक्त किचकट आहेस."

"माझं पहिलं पॅकेज माझ्या स्वयंपाकघरातला प्रिंटर मागत होतं," स्टाइनार म्हणाला, आणि त्याने कीबोर्ड स्वतःकडे ओढला. "सांग. मी लिहितो."

आयलिफ डोळे मिटून सांगत राहिला. मधूनमधून दोघे ओळींतल्या रिकाम्या जागांवरूनही भांडले. सुन्निवा चुका वाचून दाखवी, प्रत्येक अक्षर सुटे करून. विसरलेल्या भागाचे वेगळे पॅकेज झाले, पहिल्या पॅकेजात त्याची मागणी नोंदवली गेली, आणि या वेळी कोरे यंत्र तक्रार न करता शेवटपर्यंत गेले.

"आता तुझा लॅपटॉप मीट," स्टाइनार म्हणाला. "तू काही बोलायचंही नाहीस."

"न बोलणं जड जाईल."

"ठाऊक आहे."

आयलिफने झाकण लावले आणि हात मांडीवर घेतले. सुन्निवाने आपल्या लॅपटॉपवर लिनक्सची नवी आवृत्ती चढवली, मग एकच आज्ञा देऊन प्रोग्रॅम बसवला. पिशवीतून टीचभर नळी काढून तिने फुंकली. काटा हलला आणि मध्याच्या जरा अलीकडे स्थिरावला.

"उतरली आहे," ती म्हणाली. "मला नसतं कळलं."

तिने आयलिफच्या मनगटावर हात ठेवला. "तुझे आभार कसे मानू?" ती म्हणाली.

"त्याचे मान आभार," आयलिफ म्हणाला. "मी तर तसंच पाठवत होतो. अॅडव्हेंटच्या तोंडावर, नाताळाच्या तयारीत, भर चर्चमध्ये मोडलं असतं." मग तो स्टाइनारकडे वळला. "निकाल दे. गुळमुळीत नको."

स्टाइनारने पडद्यावरून एकदा नजर फिरवली.

"तुझ्यावाचून चालतं," तो म्हणाला.