खडूची खूण

गिटारच्या अँपच्या जाळीवरची खूण पुसली गेली आहे, हे धाकट्याच्या ध्यानात आले तेव्हा आत्या बादलीत फडके पिळत होती.

"आत्या, इथं पांढरी फुली होती."

"ती होय? मला वाटलं, पालीनं घाण केलीय." आत्याने फडके झटकले. "आणि आभार मानायचे सोडून तोंड का पाडलंस असं? बोटभर धूळ होती त्या खोक्यावर."

"दादानं काढली होती ती. माईक बरोबर तिच्यासमोर ठेवायचा असतो."

"मग आण खडू, दुसरी काढून देते. एक कशाला, चार काढते! आणि माईक कशाला त्या खोक्यापुढे, भाषण देणारे का ते?"

एरवी तो हसला असता. आज त्याने नुसती मान हलवली, आणि आत्या बादली घेऊन बाहेरच्या खोलीत गेली.

गाणे दोघा भावांचे होते. त्याचा पूर्वार्ध आठ महिन्यांपूर्वी याच खोलीत रेकॉर्ड झाला होता. धाकटा गिटार वाजवी आणि दादा कानांना हेडफोन लावून अँपशेजारी, पलंगाच्या कडेवर बसे. अँपपासून हातभर अंतरावर धरलेला माईक तो तसूतसूने सरकवत नेई. स्पीकरच्या मध्यावर आवाज टोचतो, कडेला गेला की मलूल होतो. या दोहोंमध्ये कुठेतरी तो माणसाळतो. ती जागा सापडली की दादा "थांब" म्हणे. तिथेच त्याने फुली मारली होती. पुढे त्याला दूरच्या गावी नोकरी लागली, आणि त्याचा पलंग, गादी, पुस्तकांचे कपाट असे सारे एका टेंपोत मावले.

"उरलेलं तू वाजव," जाताना तो म्हणाला होता, "पण सांधा कळता कामा नये. कळला तर अर्धंच ठेवू."

अर्धे गाणे ठेवायचे धाकट्याच्या जिवावर आले होते. दादा नेमका कुठे उठून गेला, हे निदान गाण्यात तरी कुणाला कळू नये, एवढीच त्याची इच्छा होती.

दुपारभर तो एकटाच दोघांचे काम करत राहिला. वाजवायचे, गिटार उतरवायची, ऐकायचे, माईक बोटभर सरकवायचा, पुन्हा गिटार गळ्यात. अकराव्या खेपेला त्याने हात टेकले आणि फोन लावला.

"दादा, ती खूण नेमकी कुठं होती रे?"

"कसली खूण?"

"अँपवरची. खडूची."

"हां हां, ती! मधल्यापासून दोन बोटं डावीकडे. की तीन? अरे वेड्या, खुणेचं काय घेऊन बसलास, कान आहेत ना तुला? बरं, साहेब बोलावतायत. ठेवतो."

दोन बोटे झाली, तीन झाली. सूर मात्र परकाच राहिला. अखेर त्याने जुने रेकॉर्डिंग अगदी सुरुवातीपासून लावले. पहिल्या सुराआधी पलंग करकरला, कुणीतरी श्वास घेतला आणि दादा हळूच म्हणाला, "हं, घे." मग सूर आला, रजईत गुरफटल्यासारखा ऊबदार. आपल्या आजच्या वाजवण्यात प्रत्येक सुराचे शेपूट समोरच्या भिंतीपर्यंत जाऊन परतत होते.

त्याने हेडफोन काढून एक टाळी वाजवली. खोलीने ती परत केली.

फरशीवर पलंगाच्या पायांचे चार डाग अजून होते. आत्याच्या फडक्यानेही ते निघाले नव्हते.

त्याने आपली गादी ओढत आणून त्या चार डागांच्या मधोमध घातली. वर रजया टाकल्या, आपल्या कपाटातले सगळे कपडे रचले. आत्या दारात येऊन थबकली.

"घर सोडून चाललास की काय?"

"आत्या, इथं बसतेस? अँपशेजारी."

"आणि करू काय?"

"काही नाही. नुसतं बसायचं."

"जन्मात कधी नुसती बसले नाही मी," ती कुरकुरली. पण पदराने हात पुसत बसली, आणि रेकॉर्डिंगचा लाल दिवा लागल्यावर तिने श्वासही बेताने घेतला.

त्याने उत्तरार्ध एका दमात वाजवला. दोन्ही भाग जोडले, दादाला पाठवले आणि फोनकडे पाहत राहिला. बऱ्याच वेळाने उत्तर आले : 'झकास वाजवलंस. फक्त मध्ये एके ठिकाणी खोली बदलल्यासारखी वाटते. दुसरीकडे रेकॉर्ड केलंस का?'

'नाही. खोली तीच आहे,' त्याने लिहिले. पुढे 'फक्त तुझा पलंग' एवढे उमटले, ते त्याने खोडले आणि उरलेले पाठवून दिले.

"झालं का रे?" कपड्यांच्या ढिगाशेजारून आत्याने दबक्या आवाजात विचारले. "हलू का आता?"

लाल दिवा केव्हाच विझला होता.

"बस ना," तो म्हणाला, "अजून थोडा वेळ."