ढिल्या बिजागरीचं मेज

मित्रांनो, मी चाकणच्या भैरूच्या घरातलं एक जुनं, बैठं, लिहायचं मेज. त्याच्या कंपनीत विलायतेहून मशीन आलं, त्याच्या खोक्याच्या फळ्यांतून भैरूनं मला घडवलं. 'ही बाजू वर' असं सांगणारा बाण अजून माझ्या बुडाला आहे आणि बिचारा जमिनीकडे बघतोय! भैरूच्या बायकोनं, कस्तुरानं, कंपनीच्या स्नेहसंमेलनासाठी लिहिलेलं नाटुकलं गाजलं, म्हणून ही भेट.

पुढं ती टीव्हीच्या मालिका लिहू लागली. माझ्या झाकणावर मालिका, पोटात तिची स्वतःची कादंबरी. मालिकेचे भाग ती हातानं लिही आणि भैरू फोनवर फोटो काढून मुंबईला पाठवी. कादंबरीला मात्र नऊ वर्षं दुसऱ्या कुणाचा हात लागला नव्हता. कस्तुराचं कौतुक व्हायचं, मला कुणी फडकंही मारेना. बिजागरी ढिली झाली. दिवसभर कंपनीची मशिनं दुरुस्त करणारा हा गडी घरी म्हणायचा, "बघू की रविवारी." असे किती रविवार गेले!

एका सकाळी झाकण निखळलंच. भैरूनं ते भिंतीला टेकवलं आणि पोटात समोर दिसली तीच पानं मालिकेचा भाग समजून त्यांचे फोटो धाडले. ते कादंबरीचं शेवटचं प्रकरण होतं.

दहाला मालिकेचे निर्माते उद्धवराव यांचा फोन आला. भाग झकास आहे, दोनला शूटिंग. कस्तुरानं भैरूच्या फोनमधले फोटो उघडून बघितले, तेव्हा घोटाळा कळला. मालिकेत गेलेलं लिखाण त्यांचंच, असा करार होता. तिनं खरा भाग पाठवला, तो त्यांना फिका वाटला. एकपर्यंत नवा, दमदार भाग द्या, नाहीतर हाच घेतो, म्हणाले.

ती लिहायला बसली, पण झाकण सरकू लागलं. दुरुस्तीसाठी ती थांबेना, म्हणून भैरूनं ते दोन्ही हातांनी धरलं.

"अहो, तुम्ही फक्त हलू नका."

"न्हाई हलत."

अडीच तास तो हलला नाही. घाम डोळ्यांत उतरला, तरी पुसला नाही. माझा तर जीव टांगणीला लागला होता. एकला पाच मिनिटं असताना फोटो गेले. मग नुसतं वाट बघणं.

"पहिलं जास्त चांगलं होतं," उद्धवराव म्हणाले, "पण चला, आज हे चालवू."

कस्तुरा हसता हसता रडायला लागली. कादंबरी हातची जाता जाता वाचली होती, वर ती चांगली आहे हेही कळलं होतं. भैरू मुंग्या आलेल्या पायांनी लंगडत गेला आणि पेचकस घेऊन आला. दोन स्क्रू, चार मिनिटं.

मित्रांनो, तुमच्या घरात काही कुरकुरत असेल तर त्याला रविवारचा वायदा देऊ नका. नऊ वर्षांचं लिखाण मी सांभाळलं, पण माझा स्क्रू मला आवळता येत नाही.