एकसष्ट चुकांची कादंबरी

फ्रिजच्या दारावर लेकीनं एक कागद चिकटवून ठेवला होता. वर बारा महिने, खाली चौकटी. महिन्याला किती पुस्तकं वाचायची ते आधी लिहायचं आणि पुस्तक संपलं की बरोबरची खूण करायची. सुट्टीत चार दिवस आली होती, तेवढ्यात एवढं करून गेली. "आई, वाचन सुटलं की असंच परत धरायचं असतं," म्हणाली. "छोटं छोटं लक्ष्य ठेवायचं." जणू माझं वाचन म्हणजे दार उघडं राहिलं म्हणून पळालेली मांजर.

पहिल्या महिन्यात मी चार लिहिलं. हौसेला मोल नसतं. एकही झालं नाही. दुसऱ्या महिन्यात दोन लिहिलं, तिथेही भोपळा. तिसऱ्या महिन्यात एक लिहिलं आणि फ्रिजमधून दूध काढताना रोज त्या एकाकडे बघत राहिले. याच्या खाली जायला आता जागा नव्हती.

वाचन सुटलं म्हणते, पण दिवसभर मी वाचतच असते. औषधाच्या खोक्यात घडी घालून ठेवलेला एक पातळ कागद असतो, जो कोणी उघडूनही बघत नाही, तो मी वाचते. आमच्या छापखान्यात ते कागद छापतात आणि मी मुद्रितं तपासते, त्याला आता तेवीस वर्षं झाली. समोर टिंबकाका बसतात. त्यांच्या नजरेतून टिंबसुद्धा सुटत नाही म्हणून ते नाव पडलं. खरं नाव फक्त हजेरीपटावर सापडतं. दुपारपर्यंत ते मूळ प्रत मोठ्यानं वाचतात आणि मी छापलेलं बघते, दुपारनंतर अदलाबदल. वाचायचं ते सगळंच्या सगळं. "दिवसातून दोन वेळा स्वल्पविराम जेवणानंतर पूर्णविराम नवा परिच्छेद चक्कर आल्यास." ओळीखाली पट्टी धरायची आणि अर्थाकडे ढुंकूनही बघायचं नाही. अर्थ कळायला लागला की डोळा पुढे पळतो आणि चूक मागे राहते. "समजून घ्यायला बसलात की संपलात, बाई," असं टिंबकाकांनी मला पहिल्याच दिवशी बजावलं होतं.

पण हे काम करूनही मी इतकी वर्षं घरी येऊन कादंबऱ्या वाचत होतेच. कारण घरी सासूबाई होत्या.

आमचं दोघींचं फार सख्य होतं असं कोणी म्हटलं तर आधी सासूबाईच हसतील. मीठ, पडदे, मुलीचे केस, कशावरही आमचं कधी एकमत झालं नाही. पण दर शनिवारी मी वाचनालयातून पुस्तक आणायचे. आधी त्या वाचायच्या, मग मी. जिथे त्यांना भांडावंसं वाटे त्या पानात त्या केसांतली आकडी खोचून ठेवायच्या. मी आकडीपर्यंत पोचले की स्वयंपाकघरात ठिणगी पडलीच. मटार सोलता सोलता आम्ही पुस्तकातल्या परक्या बायकांच्या नवऱ्यांवरून हमरीतुमरीवर यायचो. आमचे हे मधे पडले, तर दोघी मिळून आधी त्यांना बाहेर काढायचो.

दीड वर्षापूर्वी सासूबाईंच्या डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग गेला. कडेचं दिसतं, समोरचं दिसत नाही. डॉक्टरांनी हात टेकले. "तुझे कान दिसतात, तोंड दिसत नाही," त्या मला म्हणाल्या. "तेवढंच सुख." तेव्हा त्यांची एक जाडजूड कादंबरी बरीचशी वाचून झाली होती. तिच्यातली बाई दिराच्या घरात राहते, त्या घराला कंटाळून बॅग भरते आणि खाटेखाली सरकवून ठेवते. ती घर सोडते की नाही, एवढंच राहिलं होतं.

मी वाचून दाखवते म्हटलं. "मी काय बालवाडीत आहे?" म्हणाल्या. खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं झालं, कारण संध्याकाळी माझा घसा बसलेला असतो. लेकीनं फोनवर ऐकायची पुस्तकं भरून दिली. "हा बाप्या लग्न नि खून एकाच सुरात सांगतो," असं म्हणून सासूबाईंनी फोन उशीखाली ठेवून दिला. शेवटी ठरलं की ती कादंबरी मी वाचायची आणि शेवट त्यांना सांगायचा.

त्या दिवसापासून मला एकही पुस्तक वाचता आलं नाही. उघडायचं, दोन ओळी बघायच्या, मिटायचं. ज्या पानांत सासूबाई आधी जाऊन आलेल्या नाहीत, तिथे एकटीनं शिरायला मला जड जात होतं. ती कादंबरी तर तशीच वाचनालयात परत गेली. मी सगळ्यांना थकव्याचं कारण सांगितलं. ते खोटं नव्हतं. मी थकलेच होते, फक्त छापखान्यामुळे नव्हे.

सासूबाईंनी विचारणं सोडलं. मग बोलणंही कमी केलं. खिडकीशी बसायच्या, जेवायला हाक मारली की यायच्या. नणंद म्हणाली, आता माझ्याकडे राहायला ये. नणंदेच्या घरात वाचायला म्हणजे मिक्सरची माहितीपुस्तिका. पण सासूबाई म्हणाल्या, "पाठ टेकायला भिंत तिच्याकडेही आहे." त्यांनी जाऊ नये असं मला वाटत होतं. माझं मलाच नवल वाटलं इतकं वाटत होतं. म्हणून मग त्या कागदावरच्या एकासाठी मी कंबर कसली. वाचनालयातून तीच कादंबरी परत आणली. दीड वर्षात तिला कोणी हात लावला नव्हता. आकडी अजून एकशे अठ्ठ्याऐंशीव्या पानात होती.

रोज पंधरा पानं. मन भरकटू नये म्हणून छापखान्यातली पट्टी ओळीखाली धरली, हातात पेन्सिल घेतली आणि पहिल्या पानापासून सुरुवात केली. गाडी रुळावर आली. एकोणीस तारखेला संध्याकाळी पुस्तक संपलं. मी फ्रिजवरच्या चौकटीत एवढी मोठी खूण केली की शेजारच्या महिन्यातही ती थोडी गेली.

"झाली वाचून," मी सासूबाईंना सांगितलं.

त्या खिडकीकडून वळल्या. किती दिवसांनी त्यांनी खुर्ची माझ्याकडे ओढली. "मग? सोडते का ती घर?"

मी तोंड उघडलं, आणि आत काहीही नव्हतं. दोनशे तिसाव्या पानावर एक ओळ दोनदा छापली आहे, हे मला आठवत होतं. दिराचं नाव तीन ठिकाणी ऱ्हस्व आणि बाकी सगळीकडे दीर्घ आहे, हे आठवत होतं. एकूण एकसष्ट चुका. समासात एकसष्ट बारीक खुणा. पण त्या बाईचं काय झालं, ते मला माहीत नव्हतं. मी पुस्तकाचं अक्षर न् अक्षर तपासलं होतं.

"नाही सोडत," मी म्हणाले. "राहते."

"का राहते?"

"मुलांसाठी."

"तिला मुलं कुठे आहेत?"

मी घाईघाईनं पानं उलटू लागले.

"तू वाचलंच नाहीस," त्या म्हणाल्या. आवाज चढला असता तर बरं झालं असतं. "नसेल जमत तर नाही म्हणायचं. मला आंधळीला काय, काहीही सांगितलं तरी खपेल, असं वाटलं होय?"

"वाचलंय हो आई. सगळं वाचलंय."

त्यांनी खुर्ची परत खिडकीकडे वळवली. त्याच संध्याकाळी नणंदेला फोन लावायला सांगितला आणि सोमवारी न्यायला ये म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी चाचपत चाचपत बॅग भरली आणि खाटेखाली सरकवली. असला योगायोग एखाद्या कादंबरीत असता तर मीच नाक मुरडलं असतं. मी दारात उभी राहून एवढंच म्हणाले, "औषधांची यादी करून देते."

छापखान्यात मी टिंबकाकांना विचारलं, "काका, तुम्ही घरी काय वाचता?"

"छे," ते म्हणाले. "घरी मी चष्माच काढून ठेवतो. भिंतीवरचं कॅलेंडरसुद्धा बायको बघते." मग पट्टी उचलून पुढचा कागद ओढला. "चला, बाई. पोटदुखीची गोळी."

शनिवार तसाच गेला. रविवारी दुपारी हे झोपले होते. मी कादंबरी घेतली आणि सासूबाईंच्या खाटेवर जाऊन बसले. टाचेला खालची बॅग लागली.

"वाचते आहे," मी म्हणाले. "ऐकायचं नसेल तर ऐकू नका."

"मी काय बालवाडीत—"

"तुम्ही नाही, मी आहे. मला एकटीला येत नाही वाचता."

मी आकडी काढून त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती बोटांनी ओळखली आणि केसांत खोचली. मी एकशे अठ्ठ्याऐंशीव्या पानावरून सुरू केलं.

"बॅग भरून झाली स्वल्पविराम पण खोलीत अजून तिचाच वास होता पूर्णविराम नवा परिच्छेद सकाळी जाऊबाई म्हणाल्या स्वल्पविराम अवतरण सुरू—"

"हे काय चाललंय?"

मी जीभ चावली. "सवय आहे, आई. जात नाही."

"असं वाचत होतीस होय तू?" म्हणाल्या आणि हसायला लागल्या. पोट धरून हसल्या. दीड वर्षात मी तो आवाज ऐकला नव्हता. "बिचारी ती बाई. घर काय सोडेल! तू तिला धड वाक्य तरी सोडू देतेस का?"

मला हसू आलं नाही. मला रडू येत होतं. ते गिळून मी पुढे वाचू लागले. दहा-बारा पानं स्वल्पविराम अधूनमधून तोंडात येत राहिले आणि सासूबाई "हं, कळला कळला" म्हणत राहिल्या. मग ते कधी यायचे थांबले ते आम्हां दोघींच्याही लक्षात आलं नाही. चहाची वेळ झाली. ह्यांनी दारातून डोकावून बघितलं. दोघी एकदम "बाहेर!" म्हणालो. घसा सुकला होता, पाठ भरून आली होती, पण पुस्तक हातातून ठेववत नव्हतं. त्या बाईनं बॅग उचलली. दीर पेपर वाचत होता, जाऊबाई चहा गाळत होत्या, सगळ्यांनी तिला जाताना बघितलं.

"ती उंबरठा ओलांडून गेली," मी वाचलं, "आणि घरातल्या एकाही माणसानं तिला थांब म्हटलं नाही."

पुढची ओळ मला वाचता येईना. अक्षरं समोर होती, आवाज नव्हता.

"का थांबलीस?" सासूबाईंनी विचारलं. "संपलं?"

"आई," मी म्हणाले, "तुम्ही जाऊ नका."

त्या माझ्या कानाकडे बघत होत्या, म्हणजे माझ्याकडेच बघत होत्या.

"चार दिवस झाले बॅग भरून," त्या म्हणाल्या. "आत्ता तोंड उघडतेस?"

"चुकलं माझं."

"मग ते कुठे लिहून ठेवणार आहेस? समासात?" त्यांनी नाक ओढलं. "आधी ते पान पुरं कर."

मी पान पुरं केलं आणि त्यापुढची नऊही केली. ती बाई परत येत नाही. सासूबाईंना ते पटलं, मला पटलं नाही, आणि संध्याकाळी स्वयंपाकघरात त्यावरून आमची चांगलीच जुंपली. नणंदेचा फोन आला तेव्हा सासूबाईंनी माझ्या हातातून तो घेतला. "उद्या नको येऊस," त्या म्हणाल्या. "महिनाभर तरी नको. पुढचं पुढे बघू. माझ्या वयाला महिना पुष्कळ झाला." फोन ठेवून मला म्हणाल्या, "त्या कागदावर पुढच्या महिन्याचं काय लिहिलंस?"

"अजून काही नाही."

"एक लिही. उगाच चाराचा आव आणू नकोस."

शनिवारी कादंबरी परत करायची होती. वाचनालयाच्या बाई पुस्तकात रेघ दिसली तरी अंगावर येतात, म्हणून सकाळी खोडरबर घेऊन बसले आणि एकेक खूण पुसत गेले. दोनशे एकाहत्तराव्या पानावर पोचले. तेच पान. समासात माझी खूण होती, बारीक आणि नेटकी. ओळ अशी छापली होती: घरातल्या एकाही माणसानं तिला तिला थांब म्हटलं नाही.

शब्द दोनदा पडला होता. रविवारी मी तो एकदाच वाचला होता. चूक मला दिसली नव्हती आणि शेजारची माझी स्वतःची खूणसुद्धा दिसली नव्हती. तेवीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

तेवढी एक खूण मी पुसली नाही. वाचनालयाच्या बाई बोलल्या तर बोलल्या.