तिसऱ्या पायरीवरचे पान

गुरुवारी सकाळी इस्पितळात जाताना तिसऱ्या पायरीवर जे वाळके पान पडले होते, तेच शनिवारी दुपारी परत येतानाही तिथेच होते. हेडविगने काठीच्या टोकाने ते दाबून पाहिले. कुरकुरले.

"योर्ग, बघ! तीन दिवसांत त्या पोरीला वाकून एक पान उचलता आलं नाही."

"आई, आधी वर चल," तिची पिशवी घेऊन मागे उभा असलेला मुलगा म्हणाला.

"वरच चाललेय. डॉक्टरांनी चौदा पायऱ्या चढायला लावल्या, त्याही चढून दाखवल्या. नाहीतर तुम्ही एव्हाना माझं अंथरूण वृद्धाश्रमात टाकलं असतं."

योर्गने पिशवी दुसऱ्या हातात घेतली. ते खोटे नव्हते. काही महिन्यांपूर्वी तिचे खुब्याचे हाड मोडले होते, इमारतीला लिफ्ट नव्हती. तिने घरी यायचे की नाही, ते इस्पितळातल्या या तीन दिवसांच्या तपासणीत ठरायचे होते.

हाड मोडले, चार वर्षांच्या टिलच्या मागे धावणे तिच्याच्याने होईना, म्हणून सिल्केने, तिच्या सुनेने, हे ओपेअर प्रकरण, म्हणजे घरात राहून मूल सांभाळणारी परदेशी मुलगी, पहिल्यांदाच घरात आणले. किर्गिझस्तानची एकोणीस वर्षांची आयझिरेक. तिला वेगळी खोली, जर्मनचा वर्ग, हातखर्च, आणि वर सिल्के बजावणार, "आई, ती मोलकरीण नाही हं. घरातलीच समजायची." घरातली! चौदाव्या वर्षी शाळा सोडून हेडविग दुसऱ्यांच्या घरी राबायला गेली, तेव्हा तिला कुणी घरातली म्हटले नव्हते. या पोरीला मोलकरीण म्हणावे तर काम सांगायची चोरी, पाहुणी म्हणावे तर वर्षभर हलणार नाही. टेबलावर पाव उलटा पडला की जेवता जेवता उठून सुलटा करणार, आणि जिन्यावरचा कचरा मात्र हिला दिसत नाही.

पहिल्या मजल्यावरचे दार बोटभर उघडले.

"आलात का हेडविगबाई?" ग्मिंडरबाईंनी डोके बाहेर काढले. "बरं झालं. मला वाटलं, आता तुमच्याकडे झाडू धरणारं कुणी उरलंच नाही."

हेडविग मान ताठ ठेवून उरलेल्या पायऱ्या चढली. जिना झाडायची पाळी कुणाची ते सांगणारी लाकडी पाटी तिच्याच दारावर लटकत होती. दर शनिवारी ती पाटी पुढच्या दारावर जाई. एक्केचाळीस वर्षांत जिना लखलखीत झाल्याशिवाय ती हेडविगच्या दारावरून एकदाही उतरली नव्हती.

आयझिरेकने दार उघडले. तिचा चेहरा असा उजळला की हेडविगला आणखीच राग आला. आत टेबलाखाली गुरुवारच्या न्याहारीचा चुरासुद्धा तसाच होता.

"झाडू हरवला का गं?"

"नाही, आजी."

"हात मोडला?"

"नाही."

"सिल्केने सांगितलं नव्हतं?"

"दोनदा सांगितलं. रागावल्यासुद्धा."

"तरी नाही! ऐक. टिलचे आजोबा या जिन्यावरून शेवटचे उतरले ना, स्ट्रेचरवर, इस्पितळात जायला, तेव्हाही पाटी आमच्याच दारावर होती. गाडी कोपऱ्यावर वळायच्या आत मी बादली भरली होती. त्या माणसांच्या बुटांचा चिखल तासाभरात साफ. अख्खी गल्ली अजून नाव काढते."

हे सांगून झाले की लोक नेहमी 'धन्य आहे तुमची' म्हणत.  आयझिरेकने मान खाली घातली. तिचे कान लाल झाले.

तिच्या पाठीमागून टिल म्हणाला, "आजी, तू येईपर्यंत झाडायचंच नव्हतं. मी पण नाही झाडलं."

"का?"

आयझिरेक शब्द शोधत राहिली. "आमच्याकडे घरातलं माणूस प्रवासाला गेलं की मागून झाडत नाहीत. वाट पुसली जाते. मग त्या माणसाला परत यायला..." ती थांबली. "तुम्ही आजोबांचं बोललात, म्हणून मला सांगायचं नव्हतं."

हेडविगने हाताने चाचपत खुर्ची शोधली आणि बसली. कोटाची वरची दोन बटणे काढली, मग तीच पुन्हा लावली. योर्ग काहीतरी बोलणार होता. तिने त्याच्याकडे न बघताच काठी वर केली. कोपऱ्यात झाडू उभा होता. तिने काठीचे टोक त्याच्याकडे रोखले.

"तुला कामाची शिस्त नाही," ती शेवटी म्हणाली. आवाज नेहमीपेक्षा खाली होता. "आणि ती कधी येईल असं मला काही दिसत नाही. आता मी आलेय. जा, झाड. वरून खाली, कोपरे सोडू नकोस. आणि मंगळवारी योर्ग कामाला हॅम्बुर्गला चाललाय. तो परत येईपर्यंत या इमारतीत कुणी झाडूला हात लावायचा नाही. पाटी तेव्हा ग्मिंडरबाईंच्या दारावर असेल. त्यांनाही सांग, हेडविगने मनाई केलीय."