वाकडा चष्मा

चष्मेवाल्या आप्पांचा स्वतःचाच चष्मा नाकावर सरळ बसेना, याहून मोठी नाचक्की ती कोणती? अख्ख्या बाजाराच्या नाकांवर चष्मे बसवलेला माणूस! चष्मा कलला की सकाळी दुकान उघडल्यावर आधी स्वतःची फ्रेम काढायची, पक्कडीनं डावं नोजपॅड किंचित बाहेर ओढायचं, आरशात बघायचं. सरळ. थोडे दिवस जातात न जातात, तोच चष्मा पुन्हा उजवीकडे कललेला.

फ्रेमच्या कंपनीला शिव्या घालून झाल्या, स्क्रू बदलून झाले, नवी फ्रेमही झाली. शेवटी आप्पांनी सगळं खापर स्वतःच्या हातावर फोडलं. आपला हात गेला, असं त्यांनी मनात पक्कं धरलं. "फिटिंग आता तूच बघ," असं लेकीला तुटकपणे सांगून ते मागच्या स्टुलावर काचा पुसत बसायला लागले. फार लागलं होतं त्यांना. डावी नाकपुडी कधीपासून बंद होती, पण ती सर्दी म्हणून सोडून दिलेली. चष्मा नाकावर बसतो, तेव्हा एकदा नाकाचीही चौकशी करावी, हे चष्मेवाल्याच्या डोक्यात यायला नको? नाहीच आलं.

आलं ते बायकोच्या. जेवता जेवता ती म्हणाली, "अहो, चष्मा काढा बघू जरा." त्यांनी काढला. "चष्मा कसला वाकडा? नाकच फुगलंय तुमचं एका बाजूनं!"

नाक-कान-घशाच्या डॉक्टरीणबाईंनी आत दुर्बीण घालून बघितलं, स्कॅन केलं, तुकडा तपासायला पाठवला. रिपोर्ट आला तोवर मायलेकींच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

"कूर्चेची गाठ आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "कानाच्या वरच्या भागात लवचीक हाडासारखं लागतं ना हाताला, ती कूर्चा. कॅन्सर नाही. नाकात अशी गाठ क्वचितच होते. पण औषधानं जाणार नाही, वाढत राहील. मुळासकट काढावी लागेल."

"म्हणजे माझ्या हाताला काही झालेलं नाही!" आप्पांचा चेहरा एकदम खुलला.

बायकोनं कपाळाला हात लावला. "नाकात गाठ निघालीय, आणि ह्यांना आनंद झालाय!"

आप्पांना एकच शंका होती. "नाक खचणार नाही ना? चष्मा टेकायला जागा हवी."

"आधारापुरती कूर्चा ठेवूनच गाठ काढू, तीही आतून. बाहेर व्रण दिसणार नाही. मात्र पुढची काही वर्षं तपासणीला यायचं, कारण कधीकधी पुन्हा उगवते."

ऑपरेशन नीट पार पडलं. सूज उतरल्यावर चष्म्याला परवानगी मिळाली, आणि गाठीच्या मापानं वाकवलेला तो चष्मा आता डावीकडे कलला. आप्पा थेट दुकानात गेले आणि गिऱ्हाइकाच्या खुर्चीत जाऊन बसले. लेकीनं पक्कड त्यांच्यापुढे धरली.

"घ्या बाबा. हात चांगला आहे ना तुमचा? मग तुमचं काम तुम्ही सांभाळा."

"चांगला आहे म्हणूनच तुला सांगतोय. तेव्हा वैतागून दिलं होतं काम, आज खुशीनं देतोय. बसव."

लेकीनं त्यांचा चष्मा काढून घेतला. आप्पा डोळे मिटून, दोन्ही नाकपुड्यांनी श्वास घेत, मान न हलवता बसून राहिले.