खालच्या मजल्यावरची बाई

सोमवारच्या मीटिंगला कॅप्टननं सगळ्यांना "माझ्या लाडक्या कुटुंबा" अशी हाक मारली, तेव्हाच ताईनं ओळखलं की आज कुणाच्या तरी गळ्यात काहीतरी पडणार. ते तिच्याच गळ्यात पडलं.

कॅप्टन म्हणजे जाहिरात एजन्सीचा मालक. त्याला साहेब म्हटलेलं चालत नसे, सर म्हटलेलं तर अजिबातच नाही. "आपण सगळे एका जहाजावर आहोत, मी फक्त कॅप्टन," असं त्यानं पहिल्याच दिवशी जाहीर केलं होतं. आता जहाज म्हणावं तर ऑफिस नावाची वस्तूच नव्हती. जो तो आपापल्या घरात, आपापल्या खुर्चीत, वरून शर्ट आणि खालून पायजमा अशा अर्ध्या गणवेशात बसून दुसऱ्यांच्या गाद्या, साबण आणि दातांचे दवाखाने खपवत असे. ताई त्यांच्या जाहिरातींचा मजकूर लिहायची. तिच्या हातून गाद्यांना आत्मा आणि टूथब्रशला ध्येय मिळालेलं होतं. वयानं आणि तोंडानं सगळ्यांत मोठी, म्हणून ती सगळ्यांची ताई.

"आपल्या वेबसाइटवर एक नवं पान करायचंय," कॅप्टन म्हणाला. "आमची माणसं, आमचे अनुभव! इथं काम करताना कसं वाटतं ते प्रत्येकाच्या मनातलं, अगदी त्याच्या स्वतःच्या शब्दांत. ताई, शब्द तेवढे तुम्ही लिहा."

"म्हणजे मी सगळ्यांना विचारून लिहू?"

"विचारण्यात वेळ कशाला घालवायचा? तुम्हाला माहितीच आहे ना, सगळे किती खूश आहेत ते."

पडद्यावर कॅप्टनच्या मागं पुस्तकांनी खच्चून भरलेलं कपाट होतं. ते खोटं होतं. कॅप्टननं मान हलवली की त्याचा डावा कान त्या कपाटात गडप व्हायचा आणि थोड्या वेळानं परत यायचा. मीटिंगमध्ये लक्ष टिकवायला ताईला त्या कानाचा फार आधार होता.

ती कामाला लागली. हिशेबनिसाच्या तोंडी तिनं "इथे आकड्यांनाही हसू फुटतं" असं घातलं. आनंदप्रमुख नावाच्या बाईंसाठी, म्हणजे कर्मचाऱ्यांना आनंदात ठेवायचा पगार घेणाऱ्या बाईंसाठी, "रोज सकाळी मी अक्षरशः उडी मारून उठते" असं लिहिलं. आनंदप्रमुखांचा चेहरा कायम तिसऱ्या दिवसाच्या फुलासारखा असे. त्या उडी कशी मारत असतील हे ताईच्या डोळ्यांसमोर येईना, पण जाहिरात ती जाहिरात.

अडलं ते मौनीपाशी. मौनी एजन्सीचा चित्रकार, म्हणजे संगणकावर जाहिरातीची चित्रं करणारा. ताईचे शब्द आणि त्याची चित्रं रोज एकत्र नांदायची, पण त्याचा चेहरा कुणी पाहिला नव्हता. कॅमेरा बंद, माइक बंद. नावाच्या जागी एका काटेरी निवडुंगाचा फोटो. काही विचारलं की पडद्यावर एक अंगठा वर येई. अशा माणसाच्या मनातलं काय लिहिणार? शेवटी तिनं ठोकून दिलं, "इथे मला कधीच एकटं वाटत नाही. माझे सहकारी जणू शेजारीच राहतात."

"वा! काय खोटं बोलतेस गं," चष्मा सावरत पडद्यात डोकावून सासूबाई म्हणाल्या. त्या ताईच्या खोलीत मटार सोलायला बसत. करमणूक म्हणून मीटिंग त्यांना मालिकेपेक्षा बरी वाटायची.

"आई, यालाच पगार मिळतो."

तेवढ्यात छतावरून गडगड असा आवाज आला. वरच्या मजल्यावर वर्षभरापूर्वी कुणीतरी राहायला आलं होतं आणि ते कुणीतरी दिवसभर चाकाची खुर्ची या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पळवत असे. सासूबाई एकदा वर जाऊन दार बडवून आल्या होत्या. कुणी उघडलं नव्हतं. तेव्हापासून त्यांनी युद्धच पुकारलं होतं. जळमटं काढायचा लांब दांड्याचा झाडू त्या हाताशीच ठेवत. गडगड झाली की इकडून ठक्‌ठक्. आत्ताही त्यांनी उठून दोन दणके हाणले, वरची खुर्ची गप्प झाली आणि त्या विजयी मुद्रेनं मटारांकडे वळल्या.

गुरुवारी कॅप्टननं 'हृदयसंवाद' ठेवला. म्हणजे प्रत्येकानं ताईनं लिहिलेला आपला अनुभव सगळ्यांसमोर वाचायचा आणि त्याची चित्रफीत वेबसाइटवर जायची. आवाज घुमू नये म्हणून त्या दिवशी ताईनं हेडफोन लावले होते. हिशेबनिसानं आकड्यांचं हसू असं वाचलं की जणू थकबाकीची नोटीस. आनंदप्रमुख "उडी मारून" या शब्दांपाशी आल्या आणि त्यांना जांभई आली.

"आता मौनी!" कॅप्टन टाळ्या वाजवत म्हणाला. "आज सुट्टी नाही हं. माइक चालू!"

बराच वेळ खुडबुड झाली. मग निवडुंगाच्या फोटोमागून एक जाडसर, घाबरलेला आवाज आला. "नमस्कार. इथे मला कधीच एकटं वाटत नाही. माझे सहकारी..."

आणि गडगड झाली. घाबरून त्यानं खुर्ची मागं ढकलली असावी. ताईला ती गडगड दोनदा ऐकू आली, एकदा डोक्यावरून आणि लगेच एकदा कानातल्या हेडफोनमधून. तिला वाटलं, नेट हळू असेल. पण मग सासूबाईंनी झाडू उचलला, ठक्‌ठक् केलं आणि तेही हेडफोनमधून आलं.

"माफ करा," मौनीचा आवाज म्हणाला. "खालच्या मजल्यावर एक कजाग बाई राहते. दिवसभर छत ठोकत असते. मला वाटतं, तिच्या डोक्यावर जरा..."

"पुढं वाच, पुढं वाच," कॅप्टन म्हणाला.

ताईनं माइक बंद केला. उठली, सासूबाईंच्या हातातून झाडू घेतला आणि वर एकच सणसणीत ठोका दिला. हेडफोनमधून आवाज आला, "बघा, परत!" तिनं लागोपाठ तीन ठोके दिले. "ऐकलंत ना? आता सांगा, अशा बाईबरोबर माणसानं काय..."

ताई खुर्चीत बसली आणि तिनं माइक चालू केला.

"मौनी, ती कजाग बाई मी. म्हणजे आत्ताची मी. एरवी माझ्या सासूबाई असतात."

पडद्यावर सगळे दगड झाले. मग निवडुंगाचा कॅमेरा कसा कोण जाणे चालू झाला आणि एक दाढीवाला, डोळे विस्फारलेला माणूस दिसला. हा तर लिफ्टमध्ये कचऱ्याची पिशवी घेऊन उभा असणारा आणि सगळ्यांना नुसती मान हलवणारा. ताईनंही त्याला अनेकदा मान हलवली होती.

"कजाग?" सासूबाई पडद्यासमोर येऊन म्हणाल्या. "वर येऊ का?"

सगळ्यांत आनंद झाला तो कॅप्टनला. त्याचा कान कपाटातून दोनदा आतबाहेर झाला. "हीच! हीच आपली संस्कृती! अंतर असूनही जवळीक! ताई, तुम्ही दोघांनी मिळून एक छोटी फिल्म करा. आजच भेटा!"

म्हणून दुपारी ताई वर गेली. सासूबाईही गेल्या, तोंडात घालायला काहीतरी हवं म्हणून बिस्किटांचा पुडा घेऊन. मौनीच्या घरात एक टेबल, एक चटई आणि ती कुप्रसिद्ध खुर्ची होती. एका टोकाला संगणक आणि दुसऱ्या टोकाला चार्जरचं सॉकेट, म्हणून ती येरझार. सासूबाईंनी खोली निरखली, चटई ओढून खुर्चीखाली सारली, एक फेरी मारून पाहिली आणि म्हणाल्या, "झालं. वर्षभर हे सुचलं नाही होय रे तुला?"

मौनीनं चहा टाकला. माइक नसला की तो बराच बोलका निघाला.

"ताई, एक विचारू? रागावू नका. तुम्ही दर रविवारी स्वतःहून काम का करता? घरी माणसं आहेत, सासूबाई आहेत..."

"मी?" ताईचा चहा कपातच राहिला. "अरे, मी तर तुझ्यामुळं करते. कॅप्टन म्हणाले, मौनी रविवारी न सांगता काम करतो, एका शब्दानं बोलत नाही, त्याच्याकडं बघा. हे आपल्या दोघांतच ठेवा, असंही म्हणाले."

मौनीनं कप खाली ठेवला. "मला म्हणाले, ताईंना संसार आहे, वय आहे, तरी त्या रविवारी बसतात. तू एकटा जीव, तुला काय झालं? हे आपल्या दोघांतच ठेव."

बिस्किट चहात बुडवून धरलेल्या सासूबाईंचं बिस्किट तुटून कपात पडलं.

ताईला आधी राग आला, मग स्वतःचीच लाज वाटली. किती रविवारी तिनं नवऱ्याला एकट्याला बाजारात धाडलं होतं, बहिणीकडं जायचं टाळलं होतं, आणि मनातल्या मनात या निवडुंगाला शिव्या घातल्या होत्या! मौल्यवान शिव्या, सगळ्या चुकीच्या पत्त्यावर गेलेल्या.

"हिशेबनिसाला फोन लाव," ती म्हणाली.

हिशेबनीस आधी सावध बोलत होता. मग म्हणाला, "मला तर सांगितलं होतं की आनंदप्रमुख रविवारी काम करतात." आनंदप्रमुखांना फोन लावला, तर त्या ऐकता ऐकता रडायलाच लागल्या. त्यांना सांगण्यात आलं होतं की बाकीचे सगळे रविवारी हसतखेळत काम करतात आणि तुम्हीच तेवढ्या पुरेशा आनंदी दिसत नाही, अशी लोकांची तक्रार आहे.

"मी कधीच तक्रार केली नाही हो," ताई म्हणाली. हे मात्र अगदीच खरं नव्हतं, पण तिनं ती नवऱ्याकडे केली होती, कॅप्टनकडे नाही.

त्या रविवारी जहाजावर कुणीही चढलं नाही. ताई सकाळी उठली आणि तिला काय करावं तेच सुचेना. तिनं कपाट आवरायला काढलं, मग तसंच ठेवलं. नवऱ्यानं कपाळाला हात लावून पाहिला. "बरं नाही का तुला?"

"बरं आहे. म्हणूनच बसलेय."

कॅप्टनचे निरोप येत राहिले. आधी "शुभ सकाळ कुटुंब!", मग "कुणी आहे का?", मग नुसतंच एक प्रश्नचिन्ह. संध्याकाळी दोघं नवराबायको चालत लांबवर गेली आणि उगाचच एक कुलूप घेऊन परत आली.

सोमवारी कॅप्टननं तातडीची मीटिंग बोलावली. आज 'लाडक्या' नव्हतं, नुसतं कुटुंब होतं.

"कुणीतरी नकारात्मकता पसरवतंय," तो म्हणाला. "मला फार दुखावल्यासारखं झालंय. कुटुंबात माणसं एकमेकांच्या पाठीमागं बोलत नाहीत."

"कुटुंबात माणसं दुसरं काय करतात?" सासूबाई ताईच्या खांद्यावरून म्हणाल्या. ताई त्यांना मागं सारू लागली, पण त्या सरल्या नाहीत. "आणि अहो, कुटुंबातला माणूस रविवारी जेवायला बोलावतो, कामाला नाही."

हिशेबनीस खोकल्याचं निमित्त करून हसला. आनंदप्रमुख उघडउघड हसल्या. त्यांना हसताना सगळ्यांनी पहिल्यांदाच पाहिलं. आणि मग निवडुंगाचा फोटो गेला, मौनी दिसला.

"कॅप्टन, तुम्ही मला ताईंचं नाव सांगून कामाला बसवलंत," तो म्हणाला. या वेळी माइक त्यानं स्वतःच चालू केला होता. "ताईंना माझं नाव सांगितलंत. आम्ही एका मजल्याच्या अंतरावर बसून एकमेकांचा राग करत होतो. ते पान मी करणार नाही. माझ्या नावाचं ते वाक्यही काढा. रविवारी मी येणार नाही, कुणीच येणार नाही."

"मला फक्त प्रेरणा द्यायची होती," कॅप्टन म्हणाला.

"मग दुसरी द्या," ताई म्हणाली. "ही बंद."

कॅप्टन काहीतरी बोलायला गेला आणि घाईत त्याचा हात कुठल्याशा बटणावर पडला. पुस्तकांचं कपाट नाहीसं झालं. मागं एक उघडी भिंत, तिला टेकवलेलं इस्त्रीचं टेबल आणि दोरीवर वाळत घातलेले मोजे दिसले. त्यानं घाईघाईनं कॅमेरा बंद केला. मीटिंग तिथंच संपली.

त्यानंतर रविवार सुटला तो सुटलाच. कुणाला काढलं नाही. काढून करतो काय, चार माणसांवर तर जहाज चाललं होतं. अनुभवांच्या पानावर शेवटी ज्यानं त्यानं स्वतःच लिहिलं. हिशेबनिसानं लिहिलं, "पगार वेळेवर होतो." आनंदप्रमुखांनी लिहिलं, "आता बरं आहे." गंमत म्हणजे ते पान वाचून दोघांनी नोकरीसाठी अर्ज केले.

काही दिवसांनी कॅप्टनचा ताईला फोन आला. मीटिंग नव्हे, साधा फोन. कामाचं बोलून झालं तरी त्यानं ठेवला नाही.

"ताई, ते तुम्ही आणि मौनी... दुपारी चहाला भेटता म्हणे?"

"भेटतो की. हल्ली सासूबाईच त्याला हाक मारतात."

"अच्छा. काय बोलता?"

"तुमच्याबद्दल," ताई म्हणाली. खोटं कशाला बोलायचं?

तिकडून काहीतरी हसण्यासारखं आलं. "बरं वाटत असेल ना? असं समोर कुणी असलं की."

ताईला त्या उघड्या भिंतीची आठवण झाली. माणूस लबाड होता, त्यात शंका नव्हती. पण लबाड माणसालाही दुपार होतेच. "तुम्हीही या कधी," ती म्हणाली आणि म्हणताक्षणी तिला वाटलं, कशाला बोलले मी हे.

"खरंच?" आवाजात एकदम जान आली. "बघतो, बघतो."

फोन ठेवून ती कामाला बसते न बसते तोच पडद्यावर कॅप्टनकडून रीतसर निमंत्रण येऊन पडलं. विषय, चहा. स्वरूप, अनौपचारिक. कार्यक्रम, ओळख, गप्पा, समारोप.

"आई," ताईनं स्वयंपाकघराकडे तोंड करून हाक मारली, "साखर आहे ना पुरेशी?"

"का? कोण येतंय?"

ताईनं निमंत्रणाखाली 'कदाचित' असं उत्तर निवडलं आणि गाद्यांची जाहिरात उघडली.