मुंगीचे निरोप

"कॉम्प्रेसर तर ठणठणीत आहे," फ्रिजमागून डोकं बाहेर न काढताच तो म्हणाला.

"मग गार का होत नाही? सगळं दूध नासलं माझं." मुंगीची आई ओट्याला टेकून उभी होती.

त्याने वायर तपासली, प्लग तपासला, मागचं झाकण काढून आतली जोडणी बोटांनी चाचपली. सगळं जागच्या जागी होतं. आसपास कुणाचाही फ्रिज बिघडला की लोक आधी यालाच फोन करत, आणि इथे, एकेकाळी स्वतःच्याच असलेल्या स्वयंपाकघरात, घटस्फोट घेतलेल्या बायकोसमोर त्याला घाम फुटला होता. शेवटी त्याने पुढून दार उघडलं आणि भाजीची पिशवी बाजूला सारून आतलं बटण पाहिलं. ते शून्यावर होतं. अवघड बिघाड शोधायची खोड असलेल्या माणसाने सोपी गोष्ट सगळ्यात शेवटी बघितली होती.

"हे बंद कुणी केलं?"

"मी कशाला त्याला हात लावतेय?"

घरात तिसरं माणूस एकच होतं, त्यांची लेक. लहान असताना मुंगी त्याच्या कामात टॉर्च धरून बसायची, तेव्हा हे बटण त्यानेच तिला मोठ्या हौसेने दाखवलं होतं. आता चौथीत गेलेली मुंगी बाहेरच्या खोलीत चित्र रंगवत होती. निदान तसं दाखवत तरी होती.

"असो. स्वतःहून आलास ते बरं केलंस," आई जरा अवघडून म्हणाली. "मुंगीने सांगितलं तेव्हा मला नवलच वाटलं."

"स्वतःहून कसला? मला तर ती म्हणाली, आईने बोलावलंय. बाबाइतकं चोख काम कुणी करत नाही, असं तू म्हणालीस म्हणे."

"मी म्हणाले होते, कुणालाही बोलाव, पण त्याला नको."

त्याने हातातला पेचकस ओट्यावर ठेवला.

खरं तर यांच्या घटस्फोटाचं नातेवाइकांत केवढं कौतुक होतं. आरडाओरडा नाही, कोर्टात एकमेकांची धुणी धुणं नाही. मुलगी आईकडे, शनिवार-रविवार बाबाकडे, तिचा खर्च दर महिन्याला बिनबोभाट पोचता. सगळेच तुमच्यासारखे वागले तर माझी नोकरी जाईल, असं कोर्टातल्या समुपदेशक बाई हसून म्हणाल्या होत्या आणि ते वाक्य त्याने पुढे चारचौघांत बऱ्याचदा मिरवलं होतं. भांडण नको म्हणून दोघांनी फक्त बोलणं सोडलं होतं. काय सांगायचं ते मुंगीजवळ सांगायचं, की झालं.

"शाळेच्या कार्यक्रमाला तू गेलास," आई हळू आवाजात म्हणाली, "तेव्हा तू म्हणाला होतास ना, आई दमते, तिला आराम करू दे?"

तो काय म्हणाला होता ते त्याला लख्ख आठवत होतं. तुझ्या आईला तुझ्यासाठी वेळ कुठे असतो, विचार तिला. हे त्याने मुंगीच्या वेणीला रबर लावता लावता म्हटलं होतं.

"आणि तू? बाबाला सांग थंडी सांभाळ, असं म्हणाली होतीस?"

"पोरीला स्वेटरशिवाय पाठवलंस. अक्कल गहाण टाकलीस का, असं विचारायला सांगितलं होतं."

थंडी सांभाळ. या दोन शब्दांवर त्याने तो अख्खा हिवाळा काढला होता. त्याला हसू आलं आणि लगेच स्वतःची शिसारी आली. आपण दोघं मोठी समंजस माणसं म्हणून मिरवत होतो आणि राबत होती ती पोर. दोन घरांच्या मधल्या रस्त्यावर, पाठीवर दप्तर घेऊन, एकाचं विष दुसऱ्याला गोड करून पाजत होती.

"या आठवड्यात ती धड जेवली नाही," आई म्हणाली. "काय झालंय ते सांगतही नाही."

रविवारी तिला जिन्याशी सोडताना तो कसल्याशा रागात बोलून गेला होता. तो निरोप कितीही घोळवला तरी गोड होण्यातला नव्हता. तो पोचलाच नव्हता. त्याऐवजी फ्रिज बंद पडला होता.

आता गप्प बसणं सोपं होतं. पोरीने त्याच्यासाठी सगळं झाकून ठेवलंच होतं. पण मग ते ओझं तिच्याच पोटात राहणार होतं.

"मी तिच्याजवळ एक निरोप दिला होता," तो म्हणाला. "की मी पुन्हा वकिलाकडे जातोय. तिला कायमची माझ्याकडे घेणार आहे."

आईचा चेहरा पांढरा पडला. ती काही बोलणार, तेवढ्यात मुंगी दारात येऊन उभी राहिली. हातात हिरवा खडू तसाच होता.

"आई, बाबाला तसं नव्हतं म्हणायचं," ती घाईघाईने म्हणाली. "तो म्हणाला, त्याला माझी आठवण येते, म्हणून..."

"नाही गं मुंगे." त्याने तिला थांबवलं. "मी तसंच म्हणालो होतो. वाईट बोललो. कुठल्या वकिलाकडे जाणार नाही मी. आणि आईला काही सांगायचं असलं तर मी सांगेन. तू नाही."

"मीही," आई म्हणाली.

मुंगीने आळीपाळीने दोघांकडे बघितलं. मग नोकरीवरून काढलेल्या माणसासारखी थोडी गोंधळून म्हणाली, "मग मी खाली खेळायला जाऊ?"

"जा," आई म्हणाली.

ती दारापर्यंत गेली, चपला घातल्या आणि तिथेच थांबली. आत दोघंही गप्प होती आणि या घरातल्या शांततेवर तिचा विश्वास नव्हता. त्याला ते कळलं तेव्हा मान वर करणं जड गेलं.

"हे फ्रिजच्या दाराचं रबर चिकट झालंय," तो बायकोकडे वळून, बाहेर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला. "कोमट पाण्याने पुसत जा."

"बरं," ती म्हणाली. "साबण चालेल का?"

"चालेल. थोडासाच."

तेव्हा कुठे जिन्यावर पावलं वाजली.